रोज एकदा

कॅमेऱ्याच्या शटरची पाती उघडली, पण मिटेनात. दुरुस्तीवालीनं पुन्हा एकदा दाबून पाहिलं. पाती अर्धवट मिटली आणि डुलकी लागलेल्या माणसाच्या पापण्यांसारखी तिथंच अडकली.

"जुनं तेल उतरलंय पात्यांवर," ती म्हणाली. "निघेल. बसा, काका."

काका बसलेलेच होते, स्टुलाच्या अगदी टोकावर. टेबलावर ठेवलेल्या रोलवर त्यांचा तळहात होता. कॅमेरा त्यांच्या बायकोचा. दोन भिंगांचा, छातीशी धरून वरून वाकून बघायचा. दुकानात पाऊल टाकल्या टाकल्या त्यांनी बजावलं होतं की कॅमेरा मेला तरी चालेल, आतला रोल जगला पाहिजे. तेव्हा तिनं कॅमेरा उजेड न शिरणाऱ्या काळ्या पिशवीत घालून, कोपरापर्यंत हात आत खुपसून, निव्वळ चाचपत रोल बाहेर काढला होता. तो नीट चिकटपट्टी लावून हातात पडेपर्यंत काकांचा जीव थाऱ्यावर नव्हता.

तिनं पुढचं भिंग उतरवलं. कापसाच्या काडीला पेट्रोल लावून एकेक पातं पुसायला घेतलं. काकांना गप्प बसवेना.

"घरात फोटोंचे गठ्ठे आहेत. माझे, मुलांचे, शेजाऱ्यांच्या मांजराचेसुद्धा. ती मात्र कुठेच नाही. कायम कॅमेऱ्याच्या मागे."

"तुम्ही कधी काढला नाहीत?"

"मी हात लावला की ओरडायची, डोकं कापाल माझं! दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी मात्र स्वतःहून म्हणाली, काढा एक. खिडकीजवळच्या खुर्चीत बसली. केस सारखे केले." काका तोंडभर हसले. "डोकं नाही कापलं. दोनदा बघून घेतलं मी."

"मग इतके दिवस धुवायला का नाही टाकलात?"

"धीर होईना गं. ती आत आहे, एवढं पुरत होतं." काकांनी रोल जरासा जवळ ओढला. "पण आता चेहरा पुसट व्हायला लागलाय. नाक आठवतं, कपाळ आठवतं. हसायची कशी, ते काही केल्या आठवत नाही. म्हणून आलो. फ्रेम आणलीय. भिंतीला खिळासुद्धा ठोकून ठेवलाय."

तिनं पाती वाळू दिली, चाप चढवला आणि दाबलं. टिक. पाती उघडली आणि मिटली. पुन्हा टिक. काकांचा चेहरा असा उजळला की तिलाही आपल्या हातांचं कौतुक वाटलं.

"आता चालवत राहा हं. पडून राहिला की परत चिकटेल."

"हे तू मला सांगू नकोस!" काका तोऱ्यात म्हणाले. "याच दुकानात तुझ्या वडिलांनीच सांगितलं होतं तिला, रोज एकदा तरी दाबायचं. ती होती तोवर ती दाबायची, ती गेल्यावर मी. एक दिवस चुकवला नाही. सकाळचा चहा झाला की तिच्या खुर्चीसमोर बसायचं, चाप चढवायचा, दाबायचं. तेवढीच भेट."

दुरुस्तीवालीचा हात थांबला.

"भिंगाला झाकण लावून ना, काका?"

"छे! झाकण लावलेलं तिला खपायचं नाही. म्हणायची, डोळे बांधून कुणी कुणाला फिरायला नेतं का? पण रोल पुढे सरकवायची किल्ली नाही हं फिरवली कधी. किल्ली फिरवली की पुढचा फोटो, हे तिनंच शिकवलंय मला. उगाच रोल कशाला वाया घालवा?"

खोटं बोलावं असं तिला फार वाटलं. रोल जुना होता, खराब निघाला, एवढं उद्या म्हटलं की भागलं असतं. पण काका तिच्या तोंडाकडेच बघत होते, आणि तिला काही ते लपवता आलं नाही.

"काय गं? काय झालं?"

"काका, किल्ली फिरवली नाही म्हणजे रोल तिथंच राहिला. त्याच फोटोवर." तिनं कॅमेरा हळूच खाली ठेवला. "आणि शटर उघडलं की उजेड आत जातो. दर वेळी जातो."

काकांना कळायला वेळ लागला. "म्हणजे रोजची ती रिकामी खुर्ची..."

"काकूंवरच उमटली. रोज थोडी थोडी. आता धुतला तरी निगेटिव्हवर तिथं नुसतं काळं निघेल."

"मीच होय," काका म्हणाले. "मीच रोज."

तिला रडू आलं. डोळे पुसावेत तर बोटांना पेट्रोल लागलेलं, म्हणून ती तशीच बसून राहिली. बाहेर कुणीतरी दुकान उघडं आहे का म्हणून डोकावलं आणि आतलं बघून निघून गेलं.

काका बराच वेळ रोलवरून अंगठा फिरवत होते. मग पुढे झुकून, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात त्यांनी विचारलं, "वरचं काढता नाही का येणार? हलक्या हातानं? खुर्च्या सगळ्या नंतरच्या आहेत. ती पहिली आहे, पोरी. ती अगदी खाली असेल बघ."