टरफलांचं पाणी

"बस आधी, आणि हे पी," बासिलिया म्हणाली.

सून देल्मी शहरातल्या दवाखान्यातून आत्ता परतली होती. सासूने पेला पुढे केला. अंड्याची टरफलं तव्यावर भाजून, पाट्यावर वाटून लिंबाच्या रसात मुरवलेली. दिवस राहिल्यापासून रोजचं हेच.

देल्मीने पेल्याला हात लावला नाही. "नको आई. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बंद करा."

"तिला काय कळतंय! एक मूल म्हणजे आईचा एक दात, हे आपल्या डोंगरात शेंबडं पोरगंही सांगेल. माझं बोळकं बघ. मला कुणी हे पाजलं असतं, तर आज कणीस कराकरा चावलं असतं मी!"

देल्मीला हसू आलं, पण हसायलाही त्राण लागतं. हाडं ठणकत होती, घशाला कोरड, पोटात सारखं ढवळत होतं. आजाराचा वीट आला होताच, आता समजावून सांगायचाही आला होता.

"गळ्यात मसुराएवढ्या ग्रंथी असतात, आई. माझी एक फुगलीय, चेकाळलीय. हाडांतलं कॅल्शियम ओरबाडून रक्तात ओततेय. तिथे आधीच उतू चाललंय, आणि वरून आपण हे! बाळाला ते सोसत नाही. गुरुवारी गळ्याला चीर देऊन काढणार आहेत. आता काढली तर हे मूल तरी हाती लागेल, म्हणाल्या."

"पोटुशीच्या गळ्याला सुरी? अगं माझे आई!" बासिलियाने छातीवर क्रूस काढला आणि ती मटकन खाली बसली. चुलीवर घेवडा रटरटत होता.

"आधीची दोन गेली, तीही ह्यानंच?"

"गाठ तेव्हापासूनच असावी, म्हणाल्या."

"गाठीचं नाही विचारत मी." म्हातारीचा आवाज चिरकला. "तेव्हाही मी तुला हे पाजत होते. होते ना गं?"

पाजत होती. दोन्ही वेळा, लाडीगोडी लावून, प्रसंगी नाक दाबून. देल्मीला वाटलं, 'हो' म्हणावं आणि एकदाचं मोकळं व्हावं. राग आला तिला, खरा राग. त्या दोघांसाठी ती अजून धड रडलीही नव्हती. पण समोर ही बाई थरथरत होती. नवरा तिकडे खाली, सान पेद्रोच्या बाजूला केळीच्या मळ्यात. गुरुवारी खाटेशी बसायला हिच्याशिवाय होतं कोण?

"छे! तेव्हा आपल्याकडे कोंबड्या कुठे होत्या?" ती म्हणाली.

लग्न होऊन ती ह्या घरात आली, त्या दिवशी सासूनेच तिच्या कुशीत एक तांबडी तलंग ठेवली होती. अंगण तेव्हाही कोंबड्यांनी भरलेलं होतं.

बासिलिया तिच्याकडे बघत राहिली. मग तिने सुनेचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला.

"नव्हत्याच," ती म्हणाली. "एकही नव्हती."