हाशमभाईंची पाटी

दोन बड्या मोबाइल कंपन्या दहा वर्षं कोर्टात भांडत होत्या. स्क्रीन आमचा, कॅमेरा आमचा, तुम्हीच चोरला! त्या नादात नवा फोन काढायचं दोघीही विसरल्या.

इकडे धुळ्यात ट्रॅक्टरखाली आलेला पितांबर आबांचा फोन मोबाइल दुरुस्तीवाल्या हाशमभाईंनी एका कंपनीच्या बॉडीला दुसरीचा स्क्रीन बसवून जिवंत केला.

"बठ्ठं चालू शे रे हाशम!" सगळं चालू झालेलं पाहून आबा हरखले.

"कोर्टाला जमलं नाही ते आपण करून दाखवलं, आबा," म्हणत हाशमभाईंनी दुकानावर पाटीच लावली : 'येथे दोन्ही कंपन्या सुखाने नांदतात.' पाटीचा फोटो जिल्हाभर फिरला.

महिन्याभरात दुकान बंद करायची नोटीस आली.



खाली दोन्ही कंपन्यांच्या सह्या शेजारीशेजारी सुखाने नांदत होत्या.