एका सीटची मोटरसायकल

"ही नको," बापू उतरत म्हणाला. "टाकी फार फुगीर आहे हिची."

"अहो, क्रूझरची टाकी तशीच असते," शोरूमवाला म्हणाला. "पाय पुढे, पाठ मागे, आरामखुर्चीत बसल्यासारखं. लांबच्या रस्त्याला हिच्यासारखी दुसरी नाही." दिवसभर मोटरसायकलींचं गुणगान गाणारा हा गृहस्थ स्वतः मात्र सायकलने कामावर यायचा. पोट उतरवायला म्हणे. पोट काही उतरत नव्हतं.

ताई भावाच्या मागे उभी होती. प्रत्येक गाडीची ती एकच गोष्ट बघत होती. मागची सीट.

बापू लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर या इमारतीतून त्या इमारतीत. दुचाकीवाचून भागत नव्हतं, आणि चारचाकीचं नाव काढलं की तो जेवणावरून उठायचा. दोन वर्षांपूर्वी त्याच्या चारचाकीला अपघात झाला. तो वाचला, त्याची लेक चिमणी गेली. बायको माहेरी गेली ती परत आलीच नाही. तेव्हा ताई परगावचं आपलं घर बंद करून त्याच्याकडे राहायला आली.

मग एकदा भाजी घेऊन येताना तिने त्याला सिग्नलवर पाहिलं. हेल्मेटची काच वर होती आणि ओठ हलत होते. कुणाशीतरी गप्पा मारत, हसत, तो लाल दिवा ओलांडून गेला. ट्रकवाल्याने करकचून ब्रेक दाबला म्हणून निभावलं.

"कुणाशी बोलत होतास रे?" तिने घरी विचारलं.

"चिमणीशी. तिला घरी ठेवून जाऊ का, ताई? रडते ती."

त्याच आठवड्यात ताईने ती गाडी विकून टाकली. आणि आज इथे येण्याआधी शोरूमवाल्याला फोन करून सगळं सांगितलं. "मागे सीट नसलेली गाडी त्याच्या गळ्यात घाला. बसवायला जागाच नसली तर कुणाला नेणार तो? नाहीतर तोही जाईल हो."

शोरूमवाल्याने आता स्पोर्ट्स बाइक दाखवली. बापू हँडल धरून ओणवा झाला. छाती टाकीला टेकली.

"छे! हिच्यावर तर पालथंच पडावं लागतं."

"पाठ दुखते का?"

"तसं समजा."

पुढची टूरिंग बाइक होती. मागे पाठ टेकायला गादी, दोन्ही बाजूंना खण. मागची सीट सोफ्यासारखी ऐसपैस. ताई चटकन पुढे होऊन त्या सीटच्या आड उभी राहिली. पण बापूने तिकडे मान वळवूनही पाहिलं नाही. तो समोरच्या उंच काचेवर बोट वाजवत होता.

"वारा अडवते ही."

"त्यासाठीच तर लावतात!"

"वारा लागायला हवा हो. नाहीतर मजा काय?" आल्यापासून तो पहिल्यांदाच हसला.

शोरूमवाल्याने ताईकडे पाहिलं आणि कोपऱ्यातली बुटकी गाडी पुढे घेतली. रुंद हँडल, सपाट टाकी, एकच लांबट सीट. मागे नुसतं चाकावरचं पत्र्याचं मडगार्ड. "ही बॉबर. एकट्या माणसाची गाडी," तो जपून म्हणाला.

बापू बसला. टाकीवरून त्याने सावकाश हात फिरवला. "हीच घेतो."

ताईचा कानांवर विश्वास बसेना. "अरे, हिच्यावर मागे कुणाला बसवता येणार नाही."

"मागे कुणाला बसवायचंय मला?"

ताईने पदराने डोळे पुसले. हसूही येत होतं. दोन वर्षांनी तिचा भाऊ तिला परत मिळाला होता. शोरूमवाल्यालाही भरून आलं. त्याने किल्ली पुढे केली. "एक फेरी मारून या, साहेब."

गाडी दारापुढे आणली. बापू तिच्यावर बसला, हेल्मेट चढवलं. ताई पायरीवर उभी राहिली, कितीतरी दिवसांनी निर्धास्त.

"थोडे पुढे सरकून बसा," शोरूमवाला म्हणाला. "हँडल नीट हातात येईल."

बापू उलट मागे सरकला, अगदी सीटच्या कडेपर्यंत. दोन्ही कोपरं फाकवली आणि टाकीकडे मान झुकवली.

"चल, चढ," तो म्हणाला. "पाय वर घे, चिमणे. इंजिन तापतं."

आणि गाडीचा पुढचा भाग हळूच खाली दबला.