यंत्राला बियर

खाणगावच्या दवाखान्यात क्षय तपासायचं यंत्र परदेशी मदतीतून आलं, त्याला तीन वर्षं झाली. नमुना भरून त्यात घालायच्या कुप्या मात्र आल्याच नाहीत. प्रयोगशाळेच्या प्रिमितिवाबाई यंत्र रोज पुसत आणि खाणकामगारांच्या थुंकीचे नमुने बसने शहरात पाठवत. उत्तर येईपर्यंत कधीकधी माणूसच गेलेला असे.

कार्निव्हलच्या सणातल्या शुक्रवारी, अवजारं-यंत्रं पुजायच्या तिथल्या रिवाजाप्रमाणे, बाईंनी यंत्रावर रंगीत कागदाच्या माळा चढवल्या आणि पाचामामा या धरणीमातेचं नाव घेऊन टेबलापाशी बियर शिंपडली. तेवढ्यात परदेशी तज्ज्ञ दारात उभे.

"बाई, काय हा अडाणीपणा? बियर ओतून यंत्र चालतं का?"

"कुप्या आणल्यात का, डॉक्टर?"

"कुप्या आमच्या प्रकल्पात बसत नाहीत. मी प्रशिक्षण द्यायला आलोय. यंदाचा विषय आहे, कुप्या साठवायच्या कशा."

दीड महिना आपल्या नमुन्याच्या उत्तराची वाट बघणारा इलारियो बाकावर खोकत बसला होता. खोकता खोकताच त्याला हसू फुटलं. "कुठल्या हो कुप्या?"

साहेबांनी भिंतीवर चित्रं दाखवली, बाईंच्या हातात चौथं प्रमाणपत्र ठेवलं आणि यंत्राशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. निघताना म्हणाले, "या पाचामामाचा नाद सोडा आता. तिनं काय दिलं तुम्हाला?"

"कुप्या तिनंही नाही दिल्या," बाटलीत उरलेली बियर यंत्रापाशी ओतत बाई म्हणाल्या, "पण प्रमाणपत्र देऊन फोटो तरी नाही काढला."