मुलाचं काम

वृद्धाश्रमातल्या मंडळींनी बसवलेलं नाटक जेवणाच्या हॉलमध्ये चांगलं रंगलं. बऱ्याच वर्षांनी घरी परतणाऱ्या मुलाचं काम निवृत्त ड्रायव्हरकाकांकडे होतं. मिशा काळ्या करूनही ते नाटकातल्या आईपेक्षा थोराडच दिसत होते. ते दारातून आत आले तशी आई खुर्चीतून उठली. त्यांच्या तोंडावरून हात फिरवत म्हणाली, "किती वाळलास रे. हातपाय धुऊन घे, मी ताट वाढते." एक शब्द चुकला नाही.

तिचा खरा मुलगा पहिल्या रांगेत बसला होता. नाटक संपल्यावर तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. तिने अदबीने विचारलं, "आवडलं का नाटक तुम्हाला?"

तो तसाच आत गेला. ड्रायव्हरकाका आरशासमोर मिशांचा रंग पुसत होते.

"काका, ती तुम्हाला ओळखते, मला नाही. पुढच्या प्रयोगात मुलाचं काम मला द्याल?"

"घ्या की. नाहीतरी माझे गुडघे आता दाद देत नाहीत," काका म्हणाले. मग आरशातूनच त्याच्याकडे बघत म्हणाले, "फक्त तालमीला रोज यावं लागतं."