इनकमिंग बंद

रेकॉर्डवरच्या बाईने चौथ्यांदा सांगितलं की, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. "हाव, माय," म्हणून शिवशंकरअप्पांनी तिलाही उत्तर दिलं, मोबाईल स्पीकरवर टाकून बाजेवर ठेवला आणि तुरीची पुढची शेंग सोलायला घेतली.

परवा येळवस, वेळ अमावस्येचा सण. त्या दिवशी रेणापुरात माणूस सापडायचा नाही. सगळे रानात, भज्जी-आंबिलीच्या पंगतीला. शेजारची महादेवी सकाळीच भिंतीवरून विचारून गेली होती, सर्वेश येणार का, किती जणांचं करू. चौघं येतील, असं अप्पांनी ठोकून दिलं. फक्त फोनचं इनकमिंग बंद आहे, त्यामुळे कधी येतील ते कळत नाही, एवढं वर जोडलं.

मुलगा सर्वेश बायको-पोरांसह हैदराबादेत. नऊ दिवसांपूर्वी अप्पांनी दोनदा फोन लावला, तेव्हा दोन्ही वेळा तो म्हणाला, मीटिंगमध्ये आहे, मीच करतो. पोरगा स्वतः करतो म्हणाल्यावर बापाने तिसऱ्यांदा कशाला लावावा? त्यानंतर फोन एकदाही वाजला नाही. म्हणजे बिघाड फोनमध्येच. दुसरं काही अप्पांनी मनात येऊच दिलं नव्हतं.

काल मोबाईल कंपनीतल्या एकाने फोन बंद करून चालू करायला सांगितलं होतं. परवा वीस मिनिटं थांबल्यावर लाईनच कटली. अप्पा चिडले नाहीत. अठ्ठावीस वर्षं टेलिफोन खात्यात लाईनमन होते. बंद फोनपायी लोकांच्या इतक्या शिव्या खाल्ल्या होत्या की, उलटून कुणाला द्यायचं धाडस उरलं नव्हतं. शिवाय ते टिंगटिंग संगीत वाजत होतं तोवर घरात काहीतरी आवाज होता. खरं सांगायचं तर त्यांना ते बरं वाटत होतं.

अर्ध्या तासाने तनुजा नावाची मुलगी बोलली. अप्पांनी येळवशीपासून सगळं सांगितलं. तिने मध्येच तोडलं नाही, खटाखट काहीतरी तपासलं.

"सर, इनकमिंग चालूच आहे. लाईनमध्ये काही बिघाड दिसत नाही."

अप्पांना हे पटणं शक्य नव्हतं. त्यांच्या खात्याचा रिवाजच होता, गिऱ्हाइकाच्या घरी घंटी वाजल्याशिवाय खांबावरून उतरायचं नाही. ते म्हणाले, "कागदावर दिसंल चांगली. येकदा घंटी वाजवून दाव, माय."

ती म्हणाली, ठेवा, मी इकडून लावते.

अप्पांनी फोन ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसले. मिनिटभरात तो वाजला. खणखणीत वाजला. नंबर अनोळखी होता, तरी पहिल्या घंटीला त्यांना सर्वेशच वाटला.

भिंतीपलीकडून महादेवी ओले हात पदराला पुसत धावत आली. "आला का, अप्पा? सर्वेसचाच हाय न्हवं?"

अप्पांनी फोन कानाला लावला.

"वाजला ना, सर? लाईन एकदम ठीक आहे," तनुजाच्या आवाजात समाधान होतं. "तक्रार बंद करू का?"

महादेवी भिंतीवर हात टेकून उभी होती. अप्पांनी तिच्याकडे पाठ केली.

"नगं," ते हळूच म्हणाले. "बिघाड हाय म्हनूनच लिव. येळवस होऊ दे, मग बंद कर."