संपाच्या दिवशीची रेघ

पद्मजाने कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रकल्पासाठी भूकंपमापक बनवला आणि घरातल्या जेवणाच्या टेबलावर मांडला. तारेला टांगलेलं वजन, त्याला बांधलेलं पेन आणि खाली हळूहळू सरकणारा कागद. जमीन शांत असली की रेघ सरळ यायला हवी; पण हिची रेघ रोज सकाळी चहाच्या वेळी थरथरायची.

"स्वारगेटच्या एसट्या, दुसरं काय!" बाबांनी चहाचा कप पुढे ओढत निकाल दिला. हल्ली ते कप अर्धाच भरायला सांगत.

मग एसटीचा संप झाला. डेपोतून एकही गाडी सुटली नाही, तरी रेघ थरथरलीच. पद्मजा चक्रावली. तिने पंखा बंद केला, फ्रिज बंद केला, आईला मिक्सर लावू दिला नाही, टेबलाच्या पायाखाली कागदाच्या घड्या घातल्या. पेन आपलं थरथरतच होतं.

"अहो शास्त्रज्ञ, आम्ही श्वास घेतला तर चालेल ना?" असं म्हणत बाबांनी पेपरचं पान उलटायला टेबलावरचा हात उचलला.

रेघ सरळ झाली.

हात पुन्हा टेबलावर टेकला. रेघ पुन्हा थरथरली.

पद्मजाने कागदाकडे पाहिलं, मग त्या हाताकडे. बाबांनी दुसऱ्या हाताने तो हात घट्ट दाबून धरला आणि खिडकीतून रिकाम्या रस्त्याकडे बघत म्हणाले,

"संप मिटलेला दिसतोय."